सत्याप्पा गुळव्याची न बसलेली ढेप

मंडळी, एक प्रश्न विचारतो. सबुरी चांगली की वाईट?

— चांगली! बघा, सगळे एका सुरात! बरं, घराला आग लागली तर? तिथं धरता सबुरी?

— नाही! आत्ता कसं बोललात!

म्हणजे सबुरी चांगली, पण तिला जागा कळली पाहिजे. कुठं थांबावं आणि कुठं धावावं? ज्याला ते जन्मभर नेमकं कळत होतं, तोच एकदा चुकला. त्याची ही कथा. वाजवा अण्णा!

बास... अहो अण्णा, बास! हात केला की मी! तुमच्या डाव्या अंगालाच उभा आहे, कर्नाटकात नाही! — हसू नका हो, कीर्तनात पेटीवाला रंगला की असंच होतं.

तर ऐका. पंचगंगेच्या काठी एक गाव. गावात गुऱ्हाळ. खाली धडधडतं चुलवाण, वर ही भली थोरली लोखंडाची काहील, काहिलीत उसाचा रस — रटरट रटरट! आणि काठावर सत्याप्पा गुळव्या. गुळव्याचं काम काय? काहील कधी उतरवायची ते सांगायचं. घाई केली, गूळ बसत नाही. उशीर केला — करपला! मधली वेळ किती? पापणी लवते तेवढी!

बाकीचे गुळवे रसाचा थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटांनी गोळी वळून बघायचे. सत्याप्पा? छे! "पाण्यात गोळ्या वळणं नवशिक्याचं काम. मी रंग बघतो!" रंग बघायचा, हाक द्यायचा — "उतरवा!" — आणि गूळ कसा? सोनं!

आता त्या गावाची रीत अशी, की हंगामातली पहिली ढेप देवळात जायची. देवापुढं फोडायची, मग घरोघर प्रसाद. त्या साली ढेप ताटात ठेवली. गुरवानं घंटा वाजवली. आणि ढेप... कलली. पसरली. ताटावरून खाली ओघळली!

माणसं ताटाभोवती गोळा झाली.

"देवाचा कोप," एक पुटपुटला. "ऊस कोवळा हुता," दुसरा. तिसरा म्हणाला, "मळी काढायला रसात भेंडी घालत्यात, ती कमी पडली." मंडळी, ज्यानं सूर्य-चंद्र टांगले, त्याला गुळावर रुसायला सवड आहे होय?

सत्याप्पा मान खाली घालून घरी आला. बायको अक्काताई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "कोप देवाचा न्हाई. तुमच्या डोळ्याचा हाय."

"काय बोलतीस!"

"परवा पांढऱ्या भाताला इचारलंसा, हळद का घातली म्हणून. पिवळट दिसतंय तुमास्नी सगळं. कच्चा रस तयार दिसणार न्हाई तर काय!"

"मोतीबिंदू हाय. ठावं हाय मला. पिकला की काढू. कच्चा उतरवला तर बिघडतोय."

"आवं, डोळा हाय का काहील?"

"उतरवायची येळ तू मला सांगतीस? मला?"

झालं! तिथं अक्काताईनं हात जोडले.

पण सत्याप्पाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. डावीकडून कुणी रामराम घातला, तर त्याला कळायचंच नाही. लोक म्हणायचे, "गुळव्याला गर्व चढलाय." तो मनात म्हणायचा, एकदा मोतीबिंदू निघाला की सगळं एका झटक्यात परत येईल. थांबू. थांबण्यात आपण पटाईत!

मंडळी, इथं थांबा. श्वास घ्या. कारण पुढं काहील आहे.

रस वर आलाय. सत्याप्पा काठावर वाकून रंग बघतोय. डावीकडून चुलवाणात जाळ घालणारा धोंडू जळव्या चिपाडांचा भारा घेऊन आला आणि त्याच वेळी सत्याप्पा डावीकडं वळला. धडक! पाय घसरला! खाली उकळता रस!... धोंडूनं भारा टाकला अन् कासोट्याला धरून त्याला मागं ओढलं. दोघं चिपाडांत!

"बाजूनंच आलो की रं मी!" धोंडू ओरडला.

"दिसला न्हाईस."

"हाताच्या अंतरावर हुतो!"

सत्याप्पानं उजव्या डोळ्यावर हळूच हात ठेवला. समोरचा धोंडू जणू फुंकणीतून बघावा तेवढाच उरला! आजूबाजूचं गुऱ्हाळच नाही!

गुऱ्हाळाचे मालक, जिनगोंडा पाटील, धावत आले. "सत्याप्पा, डोळं दाखवून ये. तवर काहिलीजवळ पाय ठेवायचा न्हाई."

ज्याचं सारं आयुष्य त्या काठावर गेलं, त्याला म्हणे काठावर यायचं नाही! कसं वाटलं असेल त्याला?

तालुक्याच्या गावी डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, डोळ्यांचा दाब मोजला, आत उजेड टाकून पाहिलं. म्हणाल्या, "काका, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. आतलं भिंग गढूळ झालंय. ते काढून नवं बसवू."

"पिकलाय का पर?"

"पिकायची वाट बघणं जुन्या काळचं. कामात अडचण यायला लागली, की काढायचा."

"आन् डावा?"

"डाव्यात काचबिंदू आहे. आतला दाब वाढतो, मागची नस वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर चोरीला जाते. दोन्ही डोळे उघडे असले, की एकाची उणीव दुसरा झाकतो."

"मग त्योबी काढा!"

"तो काढता येत नाही काका. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र राखता येते. रोज थेंब घालायचे, जन्मभर. तेवढ्यानं दाब उतरला नाही, तर लेसर आहे, शस्त्रक्रिया आहे."

सत्याप्पा म्हणाला, "म्हंजे करपाय लागलेली काहील हाय ही. आन् मी काठावर हुबा ऱ्हाऊन म्हणतोय, अजून येळ हाय! बाई, उतरवा. आत्ताच उतरवा!"

बाई हसल्या. सोबत आलेल्या अक्काताईकडं वळल्या. "मावशी, तुम्हाला काही आजार?"

"साखर हाय. पर मला बरं दिसतंय."

"बरं दिसतंय तोवरच तपासायचं! साखरेनं डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात. वेळेत कळलं, तर साखर ताब्यात ठेवून, लेसरनं, इंजेक्शननं नजर वाचवता येते."

अक्काताई लागली मागं सरायला. सत्याप्पा म्हणाला, "बस गं खुर्चीत! डोळा हाय, काहील न्हाई!"

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, तेव्हा सत्याप्पा बायकोकडं बघतच राहिला. "लुगडं निळं हाय की गं!"

"पयल्यापास्नं निळंच हाय. बघणारा आत्ता आलाय!"

पुढल्या हंगामात सत्याप्पा पुन्हा काठावर उभा राहिला. डावीकडचं बघायला आता सगळी मान वळवायचा. धोंडू लांबूनच ओरडायचा, "गुळवं, डाव्या अंगानं आलो!" संध्याकाळी देवळातली घंटा झाली, की काम थांबवून डोळ्यांत थेंब. चुकायचं नाही! आणि सगळ्या गावादेखत पाण्यात थेंब टाकून, गोळी वळून, मगच हाक — "उतरवा!" नवशिक्यासारखा. लाज वाटली नाही त्याला.

पहिली ढेप देवळात गेली. गुरवानं नारळ मारला. नारळ फुटला — ढेप फुटेना!

झाली कथा. आता तुमची पाळी! उजवा तळहात उजव्या डोळ्यावर ठेवा. अलगद, दाबू नका. डाव्यानं देवाकडं बघा. मुकुट दिसतो? दोन्ही बाजूंच्या समया दिसतात? आता हात बदला, दुसऱ्या डोळ्यानं बघा. तेवढंच स्वच्छ? ज्याला फरक वाटला, त्यानं उद्या डॉक्टर गाठायचा. आणि ज्याला वाटला नाही, त्यानं निर्धास्त राहू नये. काचबिंदू असा सहजी सापडणारा चोर नाही. चाळिशी उलटली, घरात कुणाला काचबिंदू असला, अंगात साखर असली, तर तपासून घ्यायचं. सबुरी गुळाला धरा, डोळ्याला नको!

हं, अण्णा, तुम्ही सांगा. समया किती दिसल्या?

... अण्णा?

पुन्हा बघा. उजवा झाकून. डावीकडची दिसत नाही?

— हसू नका रे कुणी. मघाशी मीच हसवलं तुम्हाला. हात केला होता मी, डावीकडून. त्यांना दिसलाच नव्हता.

अण्णा, घाबरू नका. आज कळलंय, पुष्कळ उरलंय. उद्या सकाळी पहिल्या एसटीनं आपण दोघं जाऊ. तुमच्या डाव्या अंगाला मी बसतो.

आता आरती. धरा सूर!