निर्गुडीचं पोस्टर

खारघरच्या कॉलेजातल्या पोरांचं सांगतो. सूज उतरवणाऱ्या वनस्पतींवर त्यांना पोस्टर करायचं होतं, म्हणून कोपरखैरण्याला माझ्या आईकडे आले. निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला कसा बांधायचा, ते आईने दाखवलं. जाताना खोकल्यासाठी अडुळशाचीही फांदी दिली.

"मावशी, पोस्टरवर तुमचं नाव टाकतो हां," एक पोरगी म्हणाली.

प्रदर्शनाला आई ठेवणीतली साडी नेसून आली. पोस्टरला पहिलं बक्षीस लागलं होतं. मी आठवीत शाळा सोडलेली, तरी सगळी नावं दोनदा वाचली.

"माझं कुठं हाय रं?"

"नाही टाकलं."

आई पोस्टरवरच्या पाल्याच्या फोटोकडे बघत राहिली. "खाली काय लिवलंय?"

"निर्गुडी."

"अडुळसा हाय त्यो. बरं झालं, माझं नाव नाय टाकलं."