तेलाचा नवस

द्वारकाबाई : खरं सांग गौरी, चटणीत काय घातलंस?

गौरी : जवस, आत्या. भाजून, कुटून.

द्वारकाबाई : जवसात तेल असतंय.

गौरी : असतंय. म्हणूनच घातलं.

द्वारकाबाई : सून हायस का वैरीण? करोनात योगीराज नळीवर होता तवा अणदूरच्या खंडोबाला बोललेय म्या. माझं लेकरू घरी येऊ दे, जलमभर तेल-तूप तोंडाला लावणार न्हाय. तुझाच नवरा हाय ना त्यो?

गौरी : माझाच हाय. पण तुमचे हात बघा की. चिकनगुन्या होऊन वरीस झालं, बोटं अजून सुजल्याली. धाराशिवचे डॉक्टर तुमच्या म्होरंच बोलले न्हवं?

द्वारकाबाई : ते लई बोलत्यात.

गौरी : रोगाशी भांडायला अंगच सूज आणतं, म्हणले. रोग गेला की ती उतरवायचं कामबी अंगाचंच. त्याला जे लागतं ते चरबीतनं बनतं. ‘बाईंच्या पोटात स्निग्ध काही जातच नाही, मग शरीरानं बनवायचं कशातनं?’ असं इचारलं त्यांनी. गोळ्या चालू ठेवा आन् जवस द्या, म्हणले.

द्वारकाबाई : गुण येईल म्हणले का?

गौरी : खात्री न्हाय, म्हणले. पण परवा तुमची मूठ वळली. तुमीच दावली मला, हसत हसत.

द्वारकाबाई : हसले, आन् कालपासनं योगीराज तापानं फणफणलाय.

गौरी : साथ हाय, आत्या. गल्लीत घरटी एक माणूस पडलंय. डास चावला म्हणून ताप आला.

द्वारकाबाई : डास कुणी धाडला?

गौरी : आता काय बोलावं तुमाला! घातलं म्या, तुमाला ठावं नव्हतं. पाप लागलं तर मला लागू दे.

द्वारकाबाई : ठावं होतं.

गौरी : काय?

द्वारकाबाई : पहिल्याच घासाला कळलं. तेलाची चव इसरतंय व्हय माणूस? पण बोटं हलायला लागली, म्हणून गप खात ऱ्हायले. वरनं मागूनबी घेतली. आता तुझ्या तोंडनं ऐकायचं होतं, म्हंजी तुझ्यावर तरी ढकलता येईल. पण खाल्लं म्याच.

(आतून खोकल्याचा आवाज.)

गौरी : आत्या, रडू नगा. त्यांना ऐकू जाईल.

द्वारकाबाई : हात वाकडे ऱ्हायले तर ऱ्हाऊ दे. त्याचा ताप उतरू दे.

गौरी : आन् तुमी अंथरुणाला खिळलात तर? मला लई भ्या वाटतंय, आत्या. एक ह्या खोलीत, एक त्या खोलीत. म्या एकटीनं कुणाकुणाला बघू?

द्वारकाबाई : चटणी उचल तेवढी. कोरडी भाकरी दे.

गौरी : मोडती का तुमाला?

द्वारकाबाई : न्हाय मोडत. तू मोडून दे.