हळकुंडावर नेम

लहान पोरांना नीट लघवी करायला कसं शिकवायचं, हे मला तरी विचारू नका. मी एकाला शिकवून बसले आहे.

माझा चार वर्षांचा भाचा सोनू संडासात भांडं सोडून सगळीकडं भिजवायचा. फरशी धुऊन वहिनी वैतागली होती. मी भांड्यात हळकुंडाचा तुकडा टाकला आणि म्हटलं, "यावर नेम धर." फरशी कोरडी राहायला लागली.

मग आमच्या शेतातली हळद निघाली. ती शिजवून अंगणात वाळत घातली होती. हिंगोलीचे व्यापारी हमीदचाचा माल बघायला आले. दादाचा त्यांच्याशी भाव ठरला, तेवढ्यात सोनू चड्डी खाली करून हळदीसमोर उभा राहिला. मी इतकी दचकले की हातातला चहा माझ्याच पायावर सांडला. मी ओरडेपर्यंत त्याचं झालंही होतं.

"इथं काहून केलं रे?" दादा ओरडला.

"आत्यानंच सांगितलं, हळदीवर करायचं."

मग मला सगळं सांगावंच लागलं.

"हळद संडासात टाकून राहिली व्हय तू?" आई म्हणाली.

दादा मुकाट्यानं तेवढी हळद टोपल्यात भरून बाजूला करायला लागला. हमीदचाचा उरलेली हळद हातानं चाळून बघायला लागले. वर्षाचा माल माझ्यामुळं पडून राहणार, असं मला वाटलं.

शेवटी चाचांनी उरलेल्या मालाचा ठरलेला भाव कबूल केला. जाताना मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "बेटी, आमचा नातू बी लई तकलीफ देऊन राहिला. हळकुंड अख्खं टाकायचं, का तुकडा?"