बांधावरचा पहिला घाव

सभेचे अध्यक्ष वडीलधारे जीवराम आबा, व्यासपीठावर विराजमान मामलेदारसाहेब, आजचे सत्कारमूर्ती ओव्हरसियर केळुसकरसाहेब, आणि तापीकाठच्या माझ्या बंधुभगिनींनो,

‘लीलाधर, आज गोड बोल,’ असं आबांनी मला सकाळपासून तीनदा बजावलं आहे. प्रयत्न करतो.

तीन वर्षांपूर्वी सरकारचा कागद आला. पुराच्या बंदोबस्ताची योजना शेतकरी आणि रहिवासी यांच्या सल्ल्याने करावी. स्वराज्याला आठ वर्षं झाली होती. आम्हाला वाटलं, चला, विचारलं तरी! केळीची कामं टाकून आम्ही सात जण गाड्या जुंपून तालुक्याला गेलो. तिथे काय पाहिलं? नकाशा तयार! बांधाची रेघसुद्धा लाल शाईने मारलेली. मग सल्ला कशाचा घेणार होता, साहेब? शाईच्या रंगाचा?

आमच्यातल्या धुरपदाबाई उठल्या. त्यांचं घर नाल्याला लागून. म्हणाल्या, ‘‘साहेब, पानी नदीकून नाही येत, मांगून नाल्यातून येते. आत आलेलं पानी बाहेर जायाले बांधात मोरी ठेवा.’’

केळुसकरसाहेब म्हणाले, ‘‘बाई, नकाशा इंजिनियरांनी केला आहे.’’

‘‘माह्या चुलीत पानी कोठून येते हे मले नाही ठाव, तं कोनाले ठाव?’’

सगळे हसले. मीही हसलो. इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘ग्रामस्थांची संमती आहे.’ खाली माझी सही आहे. ती नाकारून कसं चालेल?

आणि आपण तरी काय केलं? दुसऱ्या सभेत कोणाच्या शेताचा बांध कोणाच्या हद्दीत जातो यावर दोन तास भांडलो. तिसऱ्या सभेला तिघेच आलो. गिरधरभाऊ, मान खाली घालू नका, न येणारे तुम्ही एकटेच नव्हता.

असो. बांध झाला, उत्तम झाला. गेल्या भाद्रपदात तापी चढली, तेव्हा त्याची टोपलीभर मातीसुद्धा हलली नाही. पाणी आलं मागून, नाल्यातून. दुपारपर्यंत नदी उतरू लागली, पण गावात कंबरभर पाणी तसंच. बाहेर जाणार कुठून? मातीच्या भिंती भिजून बसत होत्या. गिरधरभाऊंच्या आई माळवदावर, आणि खालची भिंत फुगलेली.

साहेब पाहणीसाठी बांधावर आले होते. धुरपदाबाई म्हणाल्या, ‘‘आता तं फोडा!’’

‘‘सरकारी बांध आहे. लेखी हुकूम लागतो.’’

‘‘हुकूम कवा येईन?’’

‘‘उद्या.’’

त्या माळवदाकडे बघत राहिल्या. साहेबांनीही तिकडे पाहिलं. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आमच्या गावच्या उखर्डूच्या हातातली कुदळ घेतली. आम्ही पुढे सरसावलो, तर म्हणाले, ‘‘थांबा. पहिला घाव माझा. म्हणजे जाब मला विचारतील, तुम्हाला नाही.’’

संध्याकाळी पाणी गुडघ्याखाली आलं. अकरा घरं पडली. माणूस एकही गेलं नाही.

पुढे चौकशी लागली. ‘गावकऱ्यांनी बांध फोडला,’ एवढं लिहिलं असतं तर साहेब सुटले असते. त्यांनी लिहिलं, ‘बांध मी फोडला. मोरीची सूचना धुरपदाबाई यांनी तीन वर्षांपूर्वी केली होती. ती मी नोंदवली नाही.’ मी स्वतः वाचलं आहे. त्याचं फळ म्हणून आज हे हारतुरे आणि दूरची बदली.

साहेब, मला तुमचा राग येतो. हे एक वाक्य तीन वर्षं आधी लिहिलं असतं तर? आणि राग धरूही देत नाही तुम्ही, याचा आणखी राग येतो.

मामलेदारसाहेब, बांधाच्या दुरुस्तीसाठी बुधवारी होणाऱ्या सभेची नोटीस काल मिळाली. सोबत नकाशाही जोडला आहे. त्यात मोरी नाही. या खेपेला धुरपदाबाईंचं म्हणणं त्यांच्या नावानिशी लिहिल्याखेरीज मी सही करणार नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

केळुसकरसाहेब, गावाच्या वतीने तुमचे मनापासून आभार. जिथे जाल तिथे सुखात राहा. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते तुम्ही आणि पाहुण्यांनी पोटात घालावं. गावकऱ्यांनी नाही घातलं तरी चालेल; त्यांनी बुधवारी सकाळी सभेला तेवढं यावं.