बैठकीच्या पुस्तकात सापडलेली साखळी

मी, गल्लीत हिशेबवहिनी म्हणून ओळखली जाणारी, घड्याळे दुरुस्त करणाऱ्यांची पत्नी, वय ५८ वर्षे, शिक्षण मॅट्रिक पास, धंदा घरकाम, राहणार सार्वजनिक वाचनालयामागील इमारत, दुसरा मजला, आज स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर राहून देवाला स्मरून पुरवणी जबाब देते की,

माझ्या घरी पती, सासूबाई व मी असे तिघे राहतो. सासूबाई ऐंशीच्या पुढे असून त्यांना डोळ्यांनी उजेड आणि अंधार एवढेच कळते. कान मात्र शाबूत आहेत, नको ते आधी ऐकतात. वाचनालयात दर मंगळवारी व शुक्रवारी दुपारी, ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवण्याची बैठक असते. एक वाचणारा, एक ऐकणारा अशा जोड्या लावतात. तेवढा वेळ घरातला पंखा बंद राहतो म्हणून मी सासूबाईंना पाठवत असे.

सासूबाईंच्या वाट्याला दातांच्या दवाखान्यात नंबर लावणारी मुलगी आली. तिला त्या मैना म्हणतात. ही मुलगी फुकट वाचते, घरापर्यंत सोडायला येते आणि चहा विचारला की "नको काकू" म्हणून जिना उतरते. जे माणूस चहासुद्धा घेत नाही ते येते कशासाठी, असा मला पहिल्यापासून संशय होता. म्हणून मागच्या शुक्रवारी मी वाचनालयात वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे उभी राहून पाहिले. मुलीचे तोंड सासूबाईंच्या कानाशी होते व हात त्यांच्या मानेमागे होता. पंख्याने पदर उडत होता, तो धरला होता, असे ती नंतर म्हणाली. मला तेव्हा फक्त हात दिसला व मी तशीच घरी आले.

संध्याकाळी वेणी घालताना सासूबाईंच्या गळ्यात सोन्याची साखळी दिसली नाही. आमचे बोलणे असे झाले.

"साखळी कुठाय?"

"आहे."

"आहे म्हणजे कुठे?"

"ठेवलीय तिथं. मंगळवारपर्यंत विचारू नकोस."

"हे बोलायला कोणी शिकवलं तुम्हाला?"

यावर त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. पती म्हणाले, "अगं, आई म्हणतेय ना, थांब चार दिवस." साखळी सासऱ्यांनी केलेली होती, म्हणून मी थांबले नाही. सोमवारी येथे येऊन त्या मुलीवर संशय असल्याचा जबाब दिला, तो माझाच आहे.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात पेशंट बसलेले असताना शिपाई तिला येथे घेऊन आले. ती या समोरच्या बाकावर बसली होती. कोणी न सांगता तिने पर्स उलटी केली. त्यात किल्ली, रुमाल आणि डबा निघाला. मला म्हणाली, "काकू, माझं घर बघा हवं तर. पण आज आजींना वाचून कोण दाखवणार?" मला तो कांगावा वाटला.

घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं अक्कलशून्य बाई, पुस्तक उघड ते!" बैठकीची पुस्तके वेगळ्या कपाटात असतात, घरी देत नाहीत. ग्रंथपाल बाईंनी माझ्यासमोर पुस्तक काढले. साखळी दोन पानांच्या मध्ये, शिवणीत खोल बसवलेली होती. सासूबाईंचे म्हणणे असे की, मैना बैठकीआधी येऊन खुणेचा कागद पुढे सरकवते व मधली पाने गाळते असा त्यांना संशय होता. म्हणून मुलगी दाराशी काठी आणायला गेली असता त्यांनी स्वतःची खूण ठेवली. मंगळवारी कागद आणि साखळी एकाच पानात आहेत का ते त्या बोटाने चाचपणार होत्या. मी विचारले, मला का नाही सांगितले? त्या म्हणाल्या, "तुला सांगितलं की गल्लीला सांगितलं. मग परीक्षा कसली?"

मुलीला विचारता तिने पाने सोडत असल्याचे कबूल केले. का, असे विचारल्यावर ती माझ्याकडे बघू लागली. हवालदारांनी दरडावल्यावर म्हणाली, "तिथं आजी रडतात."

साखळी मिळाली तरी माझा संशय गेला नाही. पाने लपवणारी माणसे आणखी काय लपवतील, सांगता येत नाही. म्हणून मी वाचनालयात बसून ती पाने वाचली. त्यात एक सून सासूशी कामापुरते बोलते, ताट सरकवते आणि आत निघून जाते, एवढेच आहे. मारहाण वगैरे नाही. आमच्या घरी तसे काही नाही.

पोलिसांचे पत्र येईपर्यंत कामावर येऊ नको, असे दवाखान्याच्या डॉक्टरांनी मुलीला सांगितले आहे. वाचनालयाच्या समितीने बैठक बंद ठेवली आहे. बैठकीला येणारे निवृत्त ड्रायव्हर आमच्या खिडकीखाली काठी आपटून ओरडतात, "वहिनी, आमच्या गोष्टीतला खुनी कोण, तेवढं सांगा, म्हणजे तुम्हाला सोडतो!" लोक हसतात.

ग्रंथपाल बाईंनी खास बाब म्हणून पुस्तक घरी दिले. काल देवाजवळ दिवा लावून झाल्यावर मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या पानांशी आल्यावर मी पाने उलटली.

"तूपण?" सासूबाई म्हणाल्या.

"काय मीपण?"

"पान दोनदा वाजलं. मध्ये तुझा आवाज आला नाही."

पुढे मी काय वाचले त्याचा या तपासाशी संबंध नाही. वाचून होईपर्यंत त्यांनी माझे मनगट धरले होते.

तरी माझी त्या मुलीविरुद्ध कसलीही तक्रार नाही. तिच्याकडे चोरीचा माल नव्हता व नाही, असे पत्र दवाखान्यास आणि वाचनालयास आजच द्यावे. पत्र घेतल्याशिवाय मी या बाकावरून उठणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. पुस्तकातल्या पानांविषयीचा मजकूर त्यांनी भराभर उरकला, म्हणून तो पुन्हा सावकाश वाचायला लावला. त्यातले "आमच्या घरी तसे काही नाही" हे वाक्य मी खोडायला सांगितले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर असून मधले काही गाळलेले नाही.