पापा कासिम

साठच्या दशकातली गोष्ट. आखातात, देऱ्यातल्या आमच्या खोलीत कासिम होता, रत्नागिरीचा, जहाजावर खलाशी राहिलेला. एकदा त्याच्या पेटीत मला फोटो दिसला. मधे हा, भोवती चाळीसेक पोरं, मागे लिहिलेलं ‘पापा कासिम’. गावी याची बायको, मूल एकही नाही.

"ही कुणाची पोरं?"

"अनाथाश्रमातली. पनामात जहाज अडकलेलं, तेव्हा तिथे काम करायचो. फुकट."

"फुकट? तू? आणि पापा कसला?"

"तिकडे बटाट्याला पापा म्हणतात. मी बटाटे सोलायचो."

असली थाप मी जन्मात ऐकली नव्हती. शुक्रवारी आठवडाभराच्या बटाट्यांची टोपली त्याच्यापुढे सरकवली, "सोल बघू, पाच माणसांपुरते."

गप्पा मारता मारता त्याने टोपली रिकामी केली.

"खलास झाले, बस कर," मी म्हणालो.

तो हातातल्या सुरीकडे बघत राहिला. "चाळीस पोरांपुरते झाल्याशिवाय हात थांबतच नाही रे."