आठ बायका हव्यात

...आणि वर मलाच विचारतात, "एजे," आमच्याकडे थोरल्या बाईला एजेच म्हणतात, "नवऱ्यानं मारलं का हो तुम्हाला?" अहो, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तो कुठून येऊन मारणार? तर ती महिला केंद्रातली चष्मेवाली हळहळली, "अरेरे! मारलं असतं तर लगेच घेतलं असतं. पण तुम्ही आमच्यात बसत नाही!"

तुम्हाला सांगते, या झिपारगुलनं चोवीस वर्षं बालवाडीत लापशी ढवळली, निम्म्या बिश्केकची पोरं माझ्या हातचं खाऊन वाढली, आणि आमची राहती बराक पाडली तेव्हा सरकारदरबारी पत्त्याची नोंद असलेल्यांना फ्लॅट, मी बिननोंदीची, मला पंधरा दिवसांची मुदत! गेले वृद्धाश्रमात. "मुलगा आहे?" आहे की, रशियात लोकांची घरं बांधतो, स्वतः एका खोलीत बाराजणांत झोपतो... "मुलगा आहे ना? मग आमच्यात बसत नाही!" गेले बेघरांच्या निवाऱ्यात. चाळीस खाटा, अठरा रिकाम्या, या डोळ्यांनी मोजल्या! तिथला व्यवस्थापक सुयुनबेक म्हणतो, "एजे, हा पुरुषांचा." अरे, मग बायकांचा कुठाय? "बायका घरीच असतात ना!"

बाहेर बर्फ, आणि हा म्हणतो घरीच असतात!

शेवटी त्यांचा आचारी पळाला म्हणून मला घेतलं. बेघर म्हणून नाही हं, स्वयंपाकीण म्हणून! चुलीमागे एक खाट. पण धाकधूक अशी, की हातून चमचा पडला तरी वाटायचं, झालं, आता काढतात!

सोमवारी फाटकाशी एलनुरा आली. सातवा महिना, पाय सुजलेले, रात्री उघड्यावरच्या गरम पाण्याच्या पाइपावर झोपायची. सुयुनबेकनं हाकललं, मी मागच्या दारानं आत घेतलं, बटाटे सोलायला बसवलं... आणि नेमका तेव्हाच नगरपालिकेचा साहेब तपासणीला! "बेघर बायका येतात का इथे?" सुयुनबेक म्हणाला, "एकही नाही, साहेब!" बोलले तर माझी खाट जाणार, नाही बोलले तर ही पोर! डोळे मिटले आणि ओरडलेच, "दोन आहेत! एक ही, एक मी!"

सुयुनबेक पांढराफटक. आणि साहेब चक्क खूश! "उत्तम! बायकांच्या खोलीला नियमानं दहा लागतात. शुक्रवारपर्यंत आणखी आठ आणा, लगेच मंजूर! नाहीतर तुम्ही आमच्यात बसत नाही."

तेव्हापासून हिंडतेय मी. स्टेशनात, बाजारात... पण कबूल कोण करणार? "मी बेघर? छे! बहिणीकडे असते." गाठोडं पाठीशी लपवतात आणि म्हणतात बहिणीकडे! कशाबशा पाच जमल्या. आज गुरुवार. तीन कमी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तुम्ही इतक्या जणी जमलात, तुमच्यात आहे का हो कुणी बेघर? नाही? सगळ्यांना घर आहे? बरं, बायांनो, खरं सांगा, ते घर तुमच्या नावावर आहे का? उद्या घरच्यांनी "नीघ" म्हटलं तर कुठे जाल? नसेल नावावर, तर करा हात वर...

अगं... अगं, खाली घ्या गं हात! मला तीनच हव्या होत्या!